चष्म्याचे चार ठोके

धाकट्याने आल्या आल्या खुर्च्या हलवल्या, आणि तिथेच सगळं बिनसलं.

तसं त्याचं काही चुकलं नव्हतं म्हणा. मोठ्या शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात दुय्यम संचालक म्हणून नाव कमावलेला माणूस तो. कुठली खुर्ची कुठे ठेवली की कुठला आवाज कशात मिसळतो, हे त्याला तोंडपाठ. पण अग्निशमन केंद्राच्या वरच्या मजल्यावरच्या या हॉलमध्ये आजोबांनी बँड काढला तेव्हापासून खुर्च्या जशा होत्या तशाच मांडल्या जात होत्या. त्यांच्या पायांनी फरशीला खळगे पडले होते. डोळे मिटून आलं तरी माणूस आपल्या जागेवर जाऊन बसेल, इतकं ते पक्कं होतं.

"ताई, तू तिथे कडेला नको. आत दुसऱ्या रांगेत ये," धाकटा म्हणाला. "पहिलं क्लॅरिनेट असं एकटं बाहेर असलं की कानाला टोचतं. आत घेतलं की कसं गोड लागेल बघ."

ताईला ती जागा सोडायची नव्हती. पण ती काय बोलणार? तिने क्लॅरिनेट उचललं, कागदांचा स्टँड काखोटीला मारला आणि बासरीवाल्या दोघींच्या मागे जाऊन बसली. तिथून तिला फक्त दोन अंबाडे दिसत होते. आणि ती कोणालाच दिसत नव्हती.

"वा! नवीन राज्य, नवीन मांडणी!" धडामकाका खूश होऊन म्हणाले. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. मोठा ढोल वाजवता वाजवता त्यांचं नाव धडाम पडलं, ते घरातसुद्धा. "असाच हवा माणूस. घराण्याचं नाव पुढे न्यायचं तर हात असा खंबीर हवा."

"हात आहे हो खंबीर," ट्यूबाच्या आडून ताईचा नवरा पुटपुटला. पहाटेपासून बेकरीत राबून तो थेट तालमीला आला होता. भुवयांवर अजून पीठ होतं. "इथे इतकी वर्षं ज्यांनी हात मोडून घेतले, त्यांना कोण विचारतंय?"

"अहो, गप्प बसा," ताई हळूच म्हणाली.

"बसतो. तुझ्यासारखाच बसतो."

खिडकीपाशी आई बाबांचा बँडमास्तरांचा कोट मांडीवर घेऊन बसली होती. उद्या संध्याकाळी बागेत वर्धापनाचा कार्यक्रम होता. शेवटच्या मार्चला बाबा छडी खाली ठेवणार आणि धाकट्याच्या हाती देणार, हे त्यांनी जेवणाच्या टेबलावर जाहीर करून टाकलं होतं. शेजारच्या गावातल्या संगीतशाळेत धाकट्याला शिकवायची जागा मिळालीच होती, तेव्हा सगळं कसं जुळून आलं होतं. आईच्या अंगावर काम आलं ते कोट धाकट्याच्या मापाचा करण्याचं. तिने तोंडात टाचण्या धरल्या होत्या, त्यामुळे तिचं मत काय ते कोणाला कळत नव्हतं. टाचण्या नसत्या तर कळलं असतं, अशातला मात्र भाग नाही.

आणि बाबा? बाबा भिंतीशी खुर्ची टाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, ताठ बसले होते. आज पहिल्यांदाच ते संचालकाच्या लाकडी ठोकळ्यावर उभे नव्हते.

आता खरी गोष्ट अशी, की ती हॉलमधल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होती आणि आजवर कोणी कोणाशी बोललं नव्हतं. बाबांना ऐकू येत नव्हतं. एका हिवाळ्यात तालीम ऐन रंगात आली असताना खाली आगीचा भोंगा झाला. ट्रॉम्बोन वाजवणारे दोघे जवान वाद्यं टाकून जिन्याकडे पळाले, बाकीचे थांबले, आणि बाबा मात्र हात हलवतच राहिले. खिडक्यांच्या काचा थरथरवणारा तो भोंगा, पण त्यांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तेव्हा ताईने काय करावं? तिने क्लॅरिनेट तोंडाला लावलं आणि जिथे थांबली होती तिथून वाजवायला सुरुवात केली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं आणि ट्यूबा फुंकला. मग एकेक करून सगळे आले. बाबांना काही कळलंच नाही, निदान तेव्हा सगळ्यांना तसं वाटलं.

त्या दिवसापासून बँड ताईकडे बघून वाजवू लागला. बाबांची छडी कधी रेंगाळायची, कधी भलतीच पुढे धावायची. ताई क्लॅरिनेटचं टोक जरासं वर न्यायची आणि खाली आणायची, की तोच ठोका. बाबा वर रुबाबात उभे राहायचे, वळून वाकून टाळ्या घ्यायचे. कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट आपल्या मास्तरांचा मान आपण राखतोय म्हणून सगळे आतून सुखावलेले असायचे. नवीन कोणी बँडमध्ये आलं की त्याला कोणी सांगत नसे. पंधरवड्यात त्याचा तोच डावीकडे, ताईच्या खुर्चीकडे, बघायला शिकायचा.

हे फक्त धाकट्याला माहीत नव्हतं. आणि त्याला ते सांगायचं तर आधी बाबांचं गुपित उघडं पाडावं लागणार. ताई तिथेच अडकली होती. छडी तिला हवी होती. हो, हवी होती, मनापासून हवी होती. पण ती कशाच्या जोरावर मागणार? 'गेली कित्येक वर्षं बँड मीच चालवतेय' असं म्हणायचं? बाबांच्या देखत?

धाकट्याने छडी उचलली.

पहिल्याच ठोक्याला जी काही दाणादाण उडाली ती सांगायची सोय नाही. कॉर्नेटवाल्या पोस्टातल्या बाई आधी घुसल्या, सॅक्सोफोनवाले दातांचे डॉक्टर मागाहून आले, जवानांनी मधेच कुठेतरी उडी घेतली आणि ट्यूबा तर आलाच नाही. धाकट्याने हात आवरला.

"पुन्हा. आणि सगळे माझ्याकडे बघा."

पुन्हा तेच.

"माझ्याकडे बघा म्हटलं ना!"

"बघतोय की रे बाबा," पोस्टातल्या बाई दुखावल्या. "डोळे फाडून बघतोय."

खोटं नव्हतं ते. बिचारे बघत होते. पण छडी खाली येण्याचा क्षण आला की एकूणएक मान आपसूक डावीकडे वळायची, जिथे कडेला ताईची खुर्ची असायची. आज तिथे भिंत होती आणि भिंतीवर आग विझवायची लाल बादली टांगलेली होती. अख्खा बँड त्या बादलीच्या इशाऱ्याची वाट बघत होता.

धाकट्याने घाम पुसला. "बरं, मार्च घेऊ. आजोबांचा मार्च तरी येतो ना सगळ्यांना?"

आजोबांचा मार्च न येऊन कसं चालेल? तो तर या बँडचा श्वास. त्याच्या मधोमध एक जागा होती. पहिल्यांदा हा मार्च बागेत वाजला तेव्हा ऐन भरात आजोबांचा चष्मा नाकावरून घसरला. त्यांनी तो हवेत पकडला, पुसला, पुन्हा लावला, आणि तेवढा वेळ बँड श्वास रोखून थांबला. चार ठोके. मग मार्च पुढे सुरू झाला. लोकांना वाटलं, ही रचनेतलीच खुबी. त्यांनी टाळ्या वाजवल्या. झालं! तेव्हापासून ते चार ठोके कोणी सोडले नाहीत. बाबाही त्या शांततेत स्वतःचा चष्मा बोटाने वर ढकलायचे आणि बागेत हशा पिकायचा. बँडमध्ये त्या जागेला नावच होतं, चष्मा.

"चष्मा उद्या नको," धाकटा म्हणाला.

धडामकाकांची ढोलाची काठी वरच्या वर राहिली.

"का नको?" काकांनी विचारलं.

"कागदावर नाहीये तो, काका. आजोबांनी लिहिलं तसं वाजवू. एका अपघाताची नक्कल आपण किती वर्षं करायची? त्यांनी लिहिलेलं वाजवणं हाच त्यांचा खरा मान."

"कागदावर तर मीही नाही," काका म्हणाले. "ढोलाचा कागद माझ्या लग्नात हरवला. मग मलाही काढतोस?"

वाजवून पाहिलं, तर अर्धा बँड चष्म्यापाशी थांबला आणि अर्धा पुढे गेला. जे पुढे गेले ते शरमून थांबले, जे थांबले होते ते घाबरून सुटले. काकांनी काठी ढोलावर आडवी ठेवली आणि शांतपणे पक्ष बदलला. "जावईबापू," ते ट्यूबाकडे वळून म्हणाले, "मघाशी तुम्ही काहीतरी म्हणत होतात. जरा मोठ्याने म्हणा."

बाबा भिंतीशी बसून एकेका चेहऱ्याकडे बघत होते.

"चहा घेऊ या," आई तोंडातल्या टाचण्या काढून म्हणाली. घरात काही फुटायला आलं की तिला चहा सुचायचा.

हॉलमागची वाद्यांची खोली म्हणजे एक अरुंद बोळच. दोन्ही बाजूंना वाद्यांच्या पेट्या, वर तेलाचा आणि जुन्या मखमलीचा वास. ताई तिथे क्लॅरिनेटच्या तोंडाशी असते ती पत्ती बदलायच्या निमित्ताने शिरली आणि धाकटा तिच्या मागोमाग येऊन दार लावून उभा राहिला.

"तू शिकवलंस ना त्यांना?"

"काय?"

"माझी फजिती करायला. सरळ सांगायचं होतंस, ताई. मला छडी नको, तू घे, असं मी म्हटलं असतं."

"वेडा आहेस का?" ताईचा आवाज चढला. "मी असं करेन? तुला सूर लावायला मी शिकवलं. तुझी पहिली पत्ती मी कापून दिली!"

"मग ते कोणाकडे बघतात?" धाकटा म्हणाला. त्याचा राग आता कमी झाला होता आणि त्याची जागा दुसऱ्याच कशाने तरी घेतली होती. शेवटी कसलेला संगीतकारच तो. "मी आंधळा नाही. छडी खाली आली की सगळ्यांच्या माना डावीकडे जातात. तिथे काय आहे? बादली! बादलीकडे बघून कोणी वाजवतं का? तिथे आधी कोण बसायचं?"

ताईने पत्ती ओठांत धरली. पत्ती ओलीही करायची असते आणि गप्पही राहायचं असतं, दोन्ही कामं होतात.

"तू बसायचीस," धाकटा म्हणाला. "ताई, ते तुझ्याकडे बघून वाजवतात. का?"

तिने पत्ती काढली. "बाबांना ऐकू येत नाही."

"म्हणजे... थोडं कमी?"

"भोंगासुद्धा नाही."

धाकटा ट्यूबाच्या पेटीवर मटकन बसला. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता.

"म्हणून ते फोनवर येत नाहीत," तो म्हणाला.

"हो."

"दर वेळी आई घ्यायची. 'बाबांना फोन आवडत नाही' म्हणायची. मला वाटायचं, मी घर सोडून गेलो म्हणून अजून राग आहे. ताई, किती वर्षं मी..." एवढा मोठा माणूस, त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. "मी सगळ्या कार्यक्रमांचं सांगायचो ना फोनवर. आईला म्हणायचो, त्यांना दे, त्यांना सांगायचंय. ते मागे बसलेले असायचे?"

"समोरच बसलेले असायचे. आई फोन ठेवला की त्यांच्याकडे तोंड करून एकेक शब्द सावकाश सांगायची. आई बोलली की त्यांना ओठांवरून कळतं. तुझं सगळं त्यांना पाठ आहे. कुठल्या दिवशी कुठे काय वाजवलंस, सगळं."

मग त्याला रडू आलं. ताई त्याच्या शेजारी पेटीवर बसली आणि लहानपणी थोपटायची तसं पाठीवर थोपटत राहिली. तिचेही डोळे भरून आले होते, पण दोघांनी एकदम रडलं तर तालीम कोण घेणार?

"मला कोणीच का नाही सांगितलं?"

"कोणी कोणालाच नाही सांगितलं रे. मी यांनाही नाही सांगितलं, आणि हे रोज माझ्या शेजारी झोपतात."

"उद्या ते छडी माझ्या हातात देणार. मी काय करू?"

"घे. मला माझ्या जागेवर बसव, म्हणजे सगळं ठीक होईल."

"म्हणजे मीही वर उभा राहून नुसते हात हलवू?"

"हलव की. तुझे हात छान हलतात."

तो रडता रडता हसला. मग नाक पुसून त्याने विचारलं, "आणि तुला? तुला काय हवंय ते कोणी विचारलं का कधी?"

ताईला वाटलं, नेहमीसारखं 'मला काय हवं असणार' म्हणून उठावं. पण तिला ते जमलं नाही.

"मला हवी होती रे," ती म्हणाली. "फार हवी होती. मी स्वयंपाकघरात चमच्याने करून बघायची. पण मागायची तर कारण सांगावं लागणार, आणि ते कारण मी बाबांच्या तोंडावर नाही सांगू शकत. तूही सांगायचं नाहीस. कबूल कर."

"पण ताई..."

"कबूल कर म्हणते ना!"

"केलं," धाकटा म्हणाला.

दार उघडलं. आई कोट घेऊन उभी होती. ती कधीपासून तिथे होती, देव जाणे.

"बाह्यांचं माप द्यायचं होतं ना?" तिने धाकट्याला विचारलं.

"आज राहू दे, आई."

आईने आळीपाळीने दोघांच्या डोळ्यांकडे पाहिलं. कोट नीट घडी करून हातावर टाकला. "बरं," ती म्हणाली. "मलाही घाई नव्हतीच."

तालीम पुन्हा सुरू व्हायच्या आधी धाकट्याने स्वतः ताईची खुर्ची उचलून जुन्या खळग्यांत नेऊन ठेवली. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण जवानांपैकी एकाने सुटकेचा श्वास सोडला तो ट्रॉम्बोनमधून बाहेर पडला आणि सगळे हसले. "आणि चष्मा राहू दे," धाकटा म्हणाला. काकांनी ढोलावर एक ठोका दिला, पसंतीचा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बागेतल्या गोल मंडपाभोवती चिक्कार गर्दी झाली. लोक घरून खुर्च्या घेऊन आले होते, पोरं कठड्यावर चढून बसली होती. बाबांनी कोट घातला होता, छातीवरची बटणं चकाकत होती. आई पहिल्या रांगेत मांडीवर पर्स ठेवून बसली होती. धाकटा तिच्या शेजारी, आपली पाळी यायची वाट बघत, एखाद्या परीक्षेला बसल्यासारखा.

सगळा कार्यक्रम नेहमीसारखा पार पडला. बाबांचे हात हलले, ताईच्या क्लॅरिनेटचं टोक हललं, आणि लोकांनी मनापासून दाद दिली. ताईला मात्र आज दर ठोक्याला वाटत होतं, हा शेवटचा. उद्यापासून बाबा वर नसणार. ती कोणासाठी टोक उचलणार?

शेवटी मार्च आला. बाबा एकदा वळून लोकांकडे बघून हसले, मग त्यांनी छडी उगारली. मार्च सुरू झाला तो असा की कठड्यावरची पोरं पाय आपटायला लागली. काकांचा ढोल पोटात घुमत होता. चष्म्याची जागा जवळ आली. ताईने टोक वर नेलं, खाली आणलं, आणि सगळा बँड एका क्षणात थांबला.

ते चार ठोके ताईला फार जवळचे होते. सगळ्या मार्चमध्ये तेवढीच एक जागा अशी होती जिथे बाबांना आणि बाकी सगळ्यांना सारखंच ऐकू यायचं.

बाबांनी चष्मा वर ढकलला. लोक हसले. आता ताईने टोक उचलायचं. तिने उचललंही. पण बाबांनी डावा हात पुढे करून तळवा दाखवला, थांब म्हणून. आणि ते ठोकळ्यावरून खाली उतरले.

चार ठोके होऊन गेले. आणखी चार गेले. ट्यूबा फुगलेल्या गालांनी तसाच धरलेला. धडामकाका मनात मोजत होते, मग त्यांनी मोजणं सोडून दिलं. बाबा सरळ ताईच्या खुर्चीपाशी आले आणि तिच्या कानाशी वाकले. त्यांच्या मते ते कुजबुजले. पण ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही त्याची कुजबुज ती, पार फाटकाजवळ उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचली.

"पोरी, मला ऐकू येत नाही."

कठड्यावरच्या पोरांनीही माना वळवल्या.

"तुला माहीत आहे ते. मला हेही माहीत आहे की तुला माहीत आहे. मला वाटायचं, छडी तुझ्या हातात दिली तर आजवर ती कोणाकडे होती ते लोकांना कळेल. म्हणून धाकट्याला बोलावलं. माझी लाज झाकायला." ते थांबले, त्यांना धाप लागली होती. "काल सगळे बादलीकडे बघत होते. बादलीकडे! कान गेलेत माझे, डोळे नाही. अगं, मीसुद्धा इतकी वर्षं तुझ्याच टोकाकडे बघून हात हलवतोय."

ताईने बागेकडे एक नजर टाकली. ती हळूच म्हणाली, "बाबा, सगळ्यांना ऐकू जातंय."

बाबांनी तिचे ओठ वाचले. वळून एकदा सगळ्या बागेकडे पाहिलं आणि चेहरा कानापर्यंत लाल झाला. मग एकदम हसू फुटलं त्यांना. "जाऊ दे!" ते म्हणाले. "आता काय राहिलं झाकायला?" आणि त्यांनी छडी तिच्या हातात दिली, कोट काढून तिच्या खांद्यांवर टाकला. बाह्या तिच्या बोटांच्याही खाली लोंबत होत्या.

"उद्या आण, आखूड करून देते!" पहिल्या रांगेतून आई म्हणाली. आवाज रडवेला, पण टाचण्या नसल्यामुळे एकदम स्पष्ट.

ताई ठोकळ्यावर चढली कधी, ते तिला आठवत नाही. मधे धाकटा धावत येऊन तिच्या खुर्चीवर बसला होता, तिच्या हातातलं क्लॅरिनेट त्याने काढून घेतलं होतं, आणि बाबा जाऊन काकांच्या ढोलाशी उभे राहिले होते, ढोलाची थरथर कळावी म्हणून त्याच्या कडेवर तळहात ठेवून. तिने बाह्या मागे सारल्या. छडी उगारली. खाली आणली.

धडाम! एकटे काका.

बाकी कोणीच वाजवलं नाही. सगळ्या बँडच्या माना सवयीने डावीकडे, त्या खुर्चीकडे वळल्या होत्या. लोकांत खसखस पिकली. खुर्चीत धाकटा बसला होता, गालांवर पाणी, ओठांत ताईची पत्ती. त्याने त्यांच्याकडे बघत नाही नाही म्हणून मान जोरजोरात हलवली, आणि क्लॅरिनेटचं टोक वर उचलून ताईकडे दाखवलं. तिथे बघा. वर.

आणि मग एकेक करत सगळ्यांनी वर पाहिलं. पोस्टातल्या बाई, दातांचे डॉक्टर, दोघे जवान, बासरीवाल्या दोघी, भुवयांवरचं पीठ आज नीट धुऊन आलेला तिचा नवरा. इतकी वर्षं ताईने त्यांना एका बाजूनेच पाहिलं होतं. अख्खे चेहरे ती आज पहिल्यांदा बघत होती, आणि सगळे तिच्याकडे बघत होते.

तिने पुन्हा छडी उगारली. या वेळी सगळे आले. ढोलावरच्या तळहाताची बोटं उचलली गेली आणि ठोक्यागणिक कडेवर पडू लागली. बाबा या वेळी मागे पडले नाहीत, पुढेही धावले नाहीत.